आधी फोन नेत्रपेढीला, मग सुरतेला: घरात मृत्यू झाल्यावर दानाचं काम कसं पार पाडायचं

आमच्याकडे खान्देशात माणूस गेला की पहिला फोन सुरतेला जातो. मुलगा तिथं कारखान्यात असतो, मुलगी उधन्याला दिलेली असते. दुसरा फोन मामांच्या गावी, तिसरा लाकडांसाठी. नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता हे कुणाला तरी आठवतं तेव्हा अंगणात तिरडी बांधायला घेतलेली असते आणि पाच-साडेपाच तास उलटलेले असतात. मग मला फोन येतो, "आता काही होईल का?" बहुतेक वेळा होत नाही.

गावात अशा वेळी ज्याला हाक मारतात त्यातला मी एक. डॉक्टर नाही. पण चुका इतक्या वेळा त्याच त्याच पाहिल्या की आता क्रमानं लिहून ठेवतो. दान करावं की नाही यावर इथं काही सांगायचं नाही. ज्यांचं ठरलंय त्यांचं दान वाया जाऊ नये, एवढ्यापुरतंच हे आहे.

१. आधी ओळखा: तीनपैकी कोणतं दान शक्य आहे

नेत्रदान, देहदान आणि अवयवदान हे तिन्ही शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात. पहिला घोटाळा इथंच होतो. "आईचं अवयवदान करायचंय, पहाटे घरीच गेली," असा फोन आला की मला सांगावं लागतं की किडनी, लिव्हर, हृदय आता घेता येणार नाही. या अवयवांना शेवटपर्यंत रक्त मिळत राहावं लागतं. घरी हृदय थांबलं की तो रस्ता बंद झाला. पण आईचे डोळे देता येतात, देहही देता येतो.

नेत्रदान मृत्यू कुठंही झाला तरी होतं, घरी, शेतात, दवाखान्यात. अट एकच, मृत्यूपासून ६ तासांच्या आत. जितकं लवकर तितकं चांगलं.

देहदान म्हणजे पूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देणं. पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शिकतात. शस्त्रक्रिया शिकणारे डॉक्टरही पेशंटच्या अंगाला सुरी लावण्याआधी मृतदेहावर हात बसवतात.

अवयवदान फक्त आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत्यू जाहीर झाला तरच. त्याची वाट पूर्ण वेगळी आहे, ती सातव्या टप्प्यात सांगतो.

नेत्रदान करून देहदान करता येतं, दोन्ही चालतं. पोस्टमॉर्टेम झालं की देहदान होत नाही. पोस्टमॉर्टेमच्या केसमध्ये नेत्रदान मात्र पोलिसांची परवानगी घेऊन होऊ शकतं. किडनी-लिव्हर दिल्यानंतरचा देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत.

२. तयारी: माणूस चालता-बोलता असतानाच

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या. बाकीचे टप्पे याच्यावर उभे आहेत.

*अ) फॉर्म भरा, पण त्यावर विसंबू नका.* अवयवदानाचा प्रतिज्ञा अर्ज म्हणजे अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांतला नमुना ७. नोटो, म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था, तिच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानं तो घरबसल्या भरता येतो. नेत्रपेढीचा फॉर्म वेगळा, देहदानाचा वेगळा, आणि तो ज्या महाविद्यालयाला द्यायचंय त्यांच्याकडूनच घ्यायचा. पण माणूस गेल्यावर सही लागते ती घरच्यांची. फॉर्म भरलेला नसला तरी घरचे दान करू शकतात. फॉर्म भरलेला असून घरचे "नको" म्हणाले तर कोणतीही टीम देहाला हात लावत नाही.

*आ) विरोध करणाऱ्यासमोर बोला.* बायको-मुलांना इच्छा सांगून माणूस निवांत होतो. पण ऐनवेळी आडवे येतात ते थोरले भाऊ, चुलते किंवा आत्याबाई. "डोया काढी लेतस का?" (डोळे काढून घेतात का?) असं दारात कुणी मोठ्यानं विचारलं की रडणारी मुलं गप्प होतात. म्हणून लग्नाला, साखरपुड्याला सगळे जमले असतील तेव्हा एकदा सगळ्यांच्या कानावर घालाच. आणि घरातल्या एकाचं नाव घेऊन सांगा, "फोन हा करेल." सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

*इ) नंबर शोधा आणि लावून बघा.* तीन नंबर हवेत. जवळच्या नेत्रपेढीचा किंवा नेत्रसंकलन केंद्राचा, देह द्यायचा असेल त्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा, आणि त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागाचा, कारण विभाग रात्री आणि रविवारी बंद असतो. शासकीय महाविद्यालयं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत: धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे, जळगावला आणि नंदुरबारलाही. खासगीही आहेत. अवयवदानाबद्दल काहीही विचारायचं असेल तर नोटोचा टोल फ्री नंबर १८००-११-४७७०.

नंबर नुसते लिहून ठेवू नका. रात्री नऊनंतर एकदा लावून बघा आणि चार गोष्टी विचारा. आमच्या गावापर्यंत टीम येते का? रात्री येते का? निघाल्यावर किती वेळ लागेल? डॉक्टरचा दाखला कोणाचा आणि कसा लागेल? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यात राहणाऱ्यानं आणि जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्यानं सारखीच अपेक्षा ठेवून चालत नाही. टीम गावापर्यंत येत नसेल तर "तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात देह आणला तर तिथं याल का?" हेही त्याच फोनवर विचारून ठेवा.

हे नंबर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मीटरच्या पेटीशेजारी लावा. आजोबांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवले तर ऐनवेळी लॉक कुणाला उघडत नाही.

*ई) एक पिशवी भरा.* जाणाऱ्याच्या आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स, फॉर्मची प्रत, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, जवळच्या दोन नातेवाइकांच्या आधारच्या झेरॉक्स, आणि शेवटच्या आजाराची कागदं, निदान शेवटचं डिस्चार्ज कार्ड तरी. ही पिशवी ट्रंकेच्या तळाला नको. आमच्या ओळखीच्या एका घरी फॉर्म सापडला तो गंधमुक्तीच्या दिवशी, पातळांच्या घडीत.

तपासा: फोन कोण करणार, दाखला कोणता डॉक्टर देणार आणि पिशवी कुठं आहे, या तिन्हींची उत्तरं घरातल्या दोन माणसांना न अडखळता देता आली पाहिजेत.

३. मृत्यूनंतरचा पहिला अर्धा तास

क्रम महत्त्वाचा आहे. बदलू नका.

१) घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा. "पहाटे पहाटे" म्हणून चालत नाही. नेत्रपेढी पहिला प्रश्न वेळेचाच विचारते. झोपेत गेले असतील तर शेवटचं कुणी, किती वाजता बोललं ते सांगा. खोटी वेळ सांगू नका, उशीर झाल्याच्या खुणा डोळ्यावर दिसतात.

२) नेत्रपेढीला फोन. नाव, वय, मृत्यूची वेळ, मृत्यूचं कारण, गावाचा पत्ता आणि ओळखीची खूण. रस्त्यावर येऊन थांबणाऱ्या माणसाचा नंबर द्या. आपल्याकडे "मारुतीच्या पाराजवळ" म्हटलं तर प्रत्येक गावात पार आहे, म्हणून मेन रोडचा फाटा सांगा.

३) पापण्या हलक्या हातानं मिटा. त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवा. खान्देशात कापसाला तोटा नाही, पण शेतातला सरकीचा घेऊ नका, वातीचा किंवा मेडिकलमधला घ्या. सुकू लागला की पुन्हा ओला करा.

४) पंखा बंद. आणि आपल्याकडची मुख्य गोष्ट, कूलर बंद. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, घरात माणसं दाटलेली असतात, आणि कुणीतरी मायेनं कूलरचं तोंड देहाकडे फिरवतं. त्या वाऱ्यानं बुबुळावरचा पडदा कोरडा पडतो आणि निकामी होतो. एसी असेल तर चालू ठेवा. नसेल तर खिडक्यांवर ओली चादर टाका, जमलेल्यांना ओसरीत बसवा.

५) डोक्याखाली उशी घाला, डोकं अर्धा फूट उंच. डोळे काढताना रक्त कमी येतं, चेहरा सुजत नाही. देह जमिनीवर घेतला असला तरी उशी ठेवता येते. आमच्याकडे त्याला कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

६) बर्फ असेल तर पिशवीत गुंडाळून कपाळावर ठेवा. डोळ्यावर थेट बर्फ नको.

७) आता सुरतेला फोन.

सावध: टीम येऊन जाईपर्यंत चेहऱ्यावर गुलाल, बुक्का, हळद, अत्तर नको. अंघोळ घालायची तर डोळ्यांत पाणी-साबण जाऊ देऊ नका.

"डायबेटिस होता, त्यांचे कोण घेणार?" असं म्हणून घरीच निकाल लावणारे पुष्कळ. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, बीपी, शुगर, म्हातारपण, यातलं काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, मेंदूज्वर, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, काही प्रकारचे रक्ताचे कॅन्सर, यांत प्रत्यारोपणासाठी डोळे घेत नाहीत. पण तो निर्णय त्यांना घेऊ द्या. तुम्ही आजार खरा सांगा आणि फोन करा. जो पडदा रोपणाला योग्य ठरत नाही तो डोळ्यांच्या नव्या सर्जनना टाके शिकायला आणि संशोधनाला वापरता येतो.

४. दाखला: इथंच गाडी अडकते

मृत्यू दवाखान्यात झाला तर दाखला तिथंच मिळतो. घरी झाला तर डॉक्टर शोधावा लागतो, आणि रात्री दोन वाजता गावात डॉक्टर शोधणं काय असतं ते ज्यानं शोधलाय त्यालाच माहीत.

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, याच दाखल्यापायी काय झालं ते सांगतो. अमळनेर तालुक्यातलं गाव, मे महिना, रविवार संध्याकाळ. देहदानाचा फॉर्म भरलेला, घरात एकमत. गावातल्या डॉक्टरांनी लेटरपॅडवर लिहून दिलं, "वृद्धापकाळाने निधन." खाली नुसती सही. नोंदणी क्रमांक नाही, वेळ नाही, शिक्का नाही. तो कागद घेऊन आम्ही देह गाडीत घातला आणि निघालो. महाविद्यालयाला फोन केलाच नव्हता. गेटवर कळलं की विभाग बंद आणि हा दाखला चालणार नाही. दुसऱ्या दाखल्यासाठी पुतण्या मोटरसायकलवर परत गावी गेला. देह रात्री उशिरा शीतगृहात ठेवता आला. डोळ्यांची वेळ तेव्हा कधीच टळली होती. चूक सगळी आमची होती, तिथल्या माणसांनी नियमानं वागायला हवं तसंच ते वागले.

दाखल्यावर हे सगळं हवं: मृताचं पूर्ण नाव, वय, मृत्यूची तारीख आणि वेळ, वैद्यकीय कारण, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा सरकारी नमुना ४-अ आहे, दवाखान्यातल्यासाठी नमुना ४. डॉक्टरांकडे नमुना असेल तर त्यावरच घ्या. "वृद्धापकाळ" हे कारण म्हणून बऱ्याच ठिकाणी पुरेसं धरत नाहीत. हृदय, फुप्फुस, पक्षाघात, जे असेल ते डॉक्टरांनी लिहायला हवं.

यातली मेख अशी की ज्या डॉक्टरांनी माणसाला कधी तपासलंच नाही ते कारण लिहायला कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कारण माहीत नाही म्हटलं की पोस्टमॉर्टेमचा विषय निघतो आणि देहदान संपतं. म्हणून अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर महिन्यातून एकदा तरी त्याच डॉक्टरांना दाखवा आणि "वेळ आली तर रात्री याल ना?" असं सरळ विचारून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हाही मार्ग आहे. बीएएमएस डॉक्टरांचा दाखला चालेल का, हे महाविद्यालयाला आधीच विचारा, ऐनवेळी वाद नको.

तपासा: नाव आधार कार्डावर आहे तसंच दाखल्यावर आहे का? आपल्याकडे कागदावर "दगडू" आणि गावात "बापू" असं असतं. डॉक्टर ओळखीचे असले की बापूच लिहून देतात.

५. नेत्रपेढीची टीम आल्यावर

दोन-तीन माणसं असतात. डॉक्टर असतील किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ असेल, कायद्यानं तंत्रज्ञाला ही परवानगी आहे, त्यामुळे "डॉक्टर कुठाय?" म्हणून वाद घालू नका. त्यांना एक खोली, उजेड, एक टेबल किंवा स्टूल आणि हात धुवायला पाणी लागतं. लोडशेडिंग असेल तर टॉर्च तयार ठेवा. घरातला एक जाणता माणूस खोलीत थांबला तर बाहेरच्या शंका आपोआप मिटतात.

आधी संमतीपत्र: घरातल्या जवळच्या माणसाची सही आणि साक्षीदार. मग तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. हे आधी सांगितलं नाही तर "डोळे म्हणाले आणि सुई कुठं टोचली?" असा गलका होतो. एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासल्याशिवाय तो पडदा दुसऱ्याच्या डोळ्यावर बसवता येत नाही. प्रत्यक्ष काम १५ ते २० मिनिटांचं. कुठं फक्त पारदर्शक पडदा काढतात, कुठं पूर्ण डोळा. पूर्ण डोळा काढला तरी जागी कापूस किंवा कवच ठेवून पापण्या मिटतात. मी अशा कितीतरी देहांच्या उशाशी बसलोय. शेजारणी येऊन विचारतात, "झालं का काढून?" त्यांना कळतसुद्धा नाही.

सुरतेचा प्रश्न इथंच सुटतो. "पोऱ्या सुरतथीन ई ऱ्हायना (मुलगा सुरतेहून येतोय), जरासं थांबा," असं म्हणत घर थांबतं, कारण मुलाला बापाचा चेहरा बघायचाय. सुरतेहून गाडीनं जळगावात यायलाच पाच-सहा तास जातात. मुलाला व्हिडिओ कॉल लावा, त्याचा होकार घ्या, आणि घरात असलेल्या आईनं किंवा बहिणीनं सही करावी. तो आल्यावर त्याला चेहरा तसाच दिसणार आहे. हे त्याला फोनवर स्पष्ट शब्दांत सांगा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कुणाला डोळे बसवले त्याचं नाव घरच्यांना सांगत नाहीत. विचारत बसू नका.

६. देहदान: निघण्याआधी फोन

देह नाकारला जाण्याची कारणं आधी बघा. अपघात, आत्महत्या, भाजणं, विषबाधा, सर्पदंश अशी पोलीस केस, पोस्टमॉर्टेम झालेलं, एचआयव्ही, कावीळ, क्षय यांसारखा संसर्ग, मोठ्या जखमा किंवा सडलेली बेडसोअर, फार जाडी, आणि देह खराब व्हायला लागलेला असणं. ही हौस नाही. देह टिकवताना मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या धमनीतून फॉर्मालिनचं द्रावण सोडतात आणि ते रक्तवाहिन्यांतून सगळ्या अंगभर पोचावं लागतं. पोस्टमॉर्टेममध्ये वाहिन्या कापल्या गेल्या की द्रावण गळतं. देह उन्हानं बिघडला की ते पोचतच नाही.

क्रम असा:

१) नेत्रदान आधी, घरीच. त्यासाठी देह महाविद्यालयात नेईपर्यंत थांबू नका.

२) विभागाला फोन. रात्र असेल तर अपघात विभागाला. "आज घेणार का, किती वाजेपर्यंत, कागद कोणते, शीतगृहात जागा आहे का?" कागदांची यादी महाविद्यालयागणिक थोडी बदलते, म्हणून फोनवर एकेक लिहून घ्या. होकार देणाऱ्याचं नावही लिहा.

३) सगळे विधी घरीच उरका. अंघोळ, हार, पाया पडणं, प्रदक्षिणा. महाविद्यालयाच्या दारात पन्नास माणसं आणि भजनी मंडळ नेलं की त्यांचीही अडचण आणि तुमचीही.

४) बर्फ. तालुक्याच्या गावी फ्रीझरची पेटी भाड्यानं मिळते. नसेल तर बर्फाच्या लाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुशीला, मांड्यांच्या बाजूंना लावा, अंगावर थेट नको. पाणी गाडीत साचणार, खाली पत्रा किंवा ताडपत्री टाका. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार निघायचं टाळता आलं तर टाळा. पण देह घरात तसाच ठेवून संध्याकाळची वाट बघणं त्याहून वाईट.

५) सोबत सही करणारा जवळचा नातेवाईक हवाच. नुसता ड्रायव्हर आणि भाचा पाठवून काम होत नाही.

६) परत येताना देह मिळाल्याची पावती घ्या.

अस्थी मिळत नाहीत, हे आधीच घरात बोलून घ्या. देह पुढे बराच काळ वापरात राहतो, नंतरची विल्हेवाट महाविद्यालय लावतं. दहाव्याला तापीवर काय न्यायचं हा प्रश्न मग पडतोच. एका घरी आजोबांचं उपरणं नेलं आणि गुरुजींनी काही न बोलता विधी केला. गंधमुक्ती, उत्तरकार्य सगळं नेहमीसारखं होतं.

७. आयसीयूतून अवयवदान: इथं घाई तुमच्या हातात नसते

पारोळ्याजवळ हायवेला अपघात, तरुण मुलगा, डोक्याला मार, तिथून धुळे, मग नाशिक किंवा संभाजीनगर. अशाच घरांना हा प्रश्न विचारला जातो. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या डॉक्टरांनी किंवा समन्वयकानं, म्हणजे दानाचं काम जुळवणाऱ्या रुग्णालयाच्या माणसानं, घरच्यांना दानाबद्दल विचारणं कायद्यानंच सांगितलंय. विचारलं म्हणून "यांना आमचा पोरगा मारायचाय" असं समजून भांडू नका.

पहिली पायरी, मेंदूमृत्यू म्हणजे काय ते समजून घेणं. कोमातला माणूस जिवंत असतो, काही वेळा परतही येतो. मेंदूमृत्यूत मेंदूचा खालचा देठ कायमचा बंद पडलेला असतो. श्वास यंत्र देतं म्हणून छाती हलते, हृदय काही काळ चालतं, अंग गरम लागतं. घरच्यांना हेच पटत नाही, आणि ते साहजिक आहे. डॉक्टरांना सांगा, "चाचणी आमच्यातल्या एकासमोर करा." बाहुलीवर उजेड, डोळ्याला कापसाचा स्पर्श, कानात थंड पाणी, आणि शेवटी यंत्राचा श्वास थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का ते बघणं. काही रुग्णालयं घरच्यांना उभं राहू देतात.

दुसरी पायरी, चार डॉक्टरांचं मंडळ. चाचण्या दोनदा, मध्ये किमान ६ तास. नोंद नमुना १० वर. या चौघांत प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणी असता कामा नये. हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, विचारा.

तिसरी, रुग्णालय नोंदणीकृत आहे का? अवयव काढण्याची परवानगी सगळ्यांना नसते. नसेल तर कुठं हलवायचं ते समन्वयक ठरवतो. व्हेंटिलेटरवरचा पेशंट घेऊन अजिंठ्याचा घाट उतरायचा-चढायचा असेल तर ते तुम्ही स्वतः गाडी करून करायचं काम नाही.

चौथी, संमती. नमुना ८, अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडिलांचा नमुना ९. कोणते अवयव द्यायचे ते तुम्ही ठरवता. डोळे द्यायचे नसतील तर नको म्हणा, बाकीचं दान होतं.

पाचवी, पोलीस. अपघाताची केस असली तरी दान होतं. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमची जुळणी अवयव काढण्याबरोबरच करता येते, पण पोलिसांना कळवायला उशीर झाला की सगळं अडतं. घरातला एक माणूस फक्त याच कामाला द्या.

मग वाट बघणं. कधी पूर्ण दिवस जातो. हृदय काढल्यावर ४ ते ६ तासांत बसवावं लागतं, लिव्हर साधारण ८ ते १२, किडनी २४ ते ३६. त्या हिशेबानं लांबच्या टीम येतात आणि सगळ्यांची वेळ जुळवावी लागते. गावी अंत्ययात्रेची वेळ आधीच व्हॉट्सॲपवर टाकू नका. दोनशे माणसं उन्हात बसलेली आणि देह अजून ऑपरेशन थिएटरात, हे मी पाहिलंय.

सावध: संमती दिल्यानंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल वेगळं. दोन्ही वेगळी लिहून मागा. आणि "तुमच्या किडनीचे इतके मिळवून देतो" असं कुणी कॉरिडॉरमध्ये कुजबुजलं तर समन्वयकाला सांगा. हा ५ ते १० वर्षांच्या कैदेचा आणि २० लाख ते १ कोटी दंडाचा गुन्हा आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. अवयव कुणाला जाणार ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीवरून ठरतं. "आमच्या मेव्हण्याला द्या" असं इथं चालत नाही.

देह शिवून, स्वच्छ करून परत देतात. पुढचं सगळं गावाच्या रीतीनं.

८. नंतरचे कागद

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि मृत्यू जिथं झाला तिथंच. राहायला शिरपूर आणि मृत्यू धुळ्याच्या रुग्णालयात, तर नोंद धुळ्याला. शिरपूरला खेटे घालून उपयोग नाही.

देहदान केलेल्या घरी एक वेगळाच घोळ होतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत स्मशानाची पावती मागतात आणि ती नसते. तिथं महाविद्यालयाची देह मिळाल्याची पावती दाखवा, म्हणून तिच्या चार झेरॉक्स आधीच काढा. मूळ पावती द्यायची नाही, नुसती दाखवायची. आबांच्या वेळी आम्ही मूळच देऊन बसलो आणि काकूंच्या पेन्शनसाठी पुन्हा महाविद्यालयात दुसरी प्रत मागायला जावं लागलं. सोमवारी गेलो होतो, त्या खेपेला विभाग उघडा होता.